विषम संघ, समान न्याय

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला. करंडक तोच, पण तिथवर पोहोचण्याची वाट तिन्ही वेळा निराळी होती. पहिल्या वेळी देशातले २८ संघ सात-सातच्या चार गटांत विभागले होते आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने आले. पुढच्याच हंगामात ईशान्येकडची राज्ये, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ दाखल झाले आणि आकडा ३७ वर गेला. ३७ ही मूळ संख्या, तिचे सारखे भाग पडतच नाहीत. त्यामुळे तीन गटांत नऊ-नऊ आणि एका गटात दहा संघ अशी विभागणी झाली. विदर्भ, मुंबई आणि महाराष्ट्र हे तिघेही एलिट ‘अ’ गटातल्या नऊ जणांत होते. त्यांना आठ सामने मिळाले, तर ‘क’ गटातल्या दहा संघांना नऊ खेळावे लागले. २०२४-२५ मध्ये एलिट विभागात आठ-आठचे चार गट होते आणि सामने सात.

सहा, आठ, सात. प्रेक्षकाला हे नुसते आकडे वाटतात. खेळाडूला आणि प्रशिक्षकाला मात्र त्यातून पुढच्या दोन-तीन महिन्यांचे चित्र दिसते: घरच्या मैदानावर किती वेळा खेळायचे, सलग किती प्रवास, विश्रांती कधी, आणि शेवटच्या फेरीत नशीब आपल्या हातात असेल की दुसऱ्याच्या. साखळी स्पर्धेत गुण मैदानावर मिळतात खरे, पण ते मिळवण्याची संधी सगळ्यांना सारखी आहे का, याचा निकाल पहिला चेंडू पडण्याआधीच वेळापत्रकाच्या कागदावर लागलेला असतो.

या कागदावर विषम संख्या आली की आयोजकांच्या कपाळाला आठ्या पडतात. सात, नऊ, अकरा, तेरा. दर फेरीत कोणीतरी एक उरतोच. मग कोणी म्हणते एक संघ वाढवा, कोणी म्हणते एक कमी करा, कोणी म्हणते दोन गट पाडा. प्रत्यक्षात विषम संख्या अन्यायाची नाही. काही बाबतींत ती सम संख्येपेक्षा जास्त न्यायी आहे, आणि हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

सातांचे गोल

आधी साधा हिशेब. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे असेल, तर संघांच्या संख्येला तिच्यापेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे. आठ संघांचे २८ सामने होतात, सातांचे २१. पण वेळ किती लागतो? आठ संघ असतील तर एका फेरीत चार सामने, म्हणजे २८ सामन्यांना सात फेऱ्या. सात संघ असतील तर एका फेरीत तीनच सामने बसतात, एक संघ बाहेर राहतो, आणि २१ सामन्यांनाही सातच फेऱ्या लागतात. दर रविवारी एक फेरी खेळवणाऱ्या मंडळाला सात संघांसाठीही आठ संघांइतकेच रविवार मोजावे लागतात. विषम संख्येची खरी किंमत ती ही.

हे वेळापत्रक बसवण्याची युक्ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात क्रॉफ्ट नावाच्या गावी टॉमस पेनिंग्टन कर्कमन हे धर्मगुरू होते. गावचे चर्च सांभाळून ते गणित करत. १८४७ साली त्यांनी जोड्या आणि त्रिकुटे लावण्याच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. साखळी सामने लावण्याच्या वर्तुळ-पद्धतीचे श्रेय त्या निबंधाला दिले जाते. इंग्लंडची फुटबॉल लीग त्यानंतर ४१ वर्षांनी, १८८८ मध्ये, बारा क्लब घेऊन सुरू झाली. पुढे ऑस्ट्रियाचे बुद्धिबळपटू योहान बर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे तक्ते आले. साखळी पद्धतीच्या बुद्धिबळ स्पर्धांत आजही तेच तक्ते वापरतात.

कागद-पेन्सिल घेऊन ही पद्धत कोणालाही करून पाहता येईल. एक गोल काढा आणि त्यावर १ ते ७ हे आकडे घड्याळाच्या दिशेने मांडा. पहिल्या फेरीत १ ला सुट्टी. त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांशी खेळतील: २ आणि ७. त्यांच्या पलीकडचे ३ आणि ६. उरले ४ आणि ५. दुसऱ्या फेरीत सुट्टी २ ला, म्हणून ३ विरुद्ध १, ४ विरुद्ध ७, ५ विरुद्ध ६. तिसऱ्या फेरीत सुट्टी ३ ला, म्हणून ४ विरुद्ध २, ५ विरुद्ध १, ६ विरुद्ध ७. असे सात वेळा केले की २१ सामने पुरे होतात, एकही जोडी दोनदा येत नाही आणि प्रत्येकाला बरोबर एक सुट्टी मिळते.

आता यजमान कोण, ते ठरवायचे. सुट्टीवर असलेल्या संघापासून पुढे मोजत जा: पहिला पाहुणा, दुसरा यजमान, तिसरा पाहुणा, चौथा यजमान, पाचवा पाहुणा, सहावा यजमान. पहिल्या फेरीत त्यामुळे ३, ५ आणि ७ आपापल्या मैदानावर खेळतात, दुसऱ्या फेरीत ४, ६ आणि १. क्रमांक ५ च्या संघाचा हंगाम पाहा. घरी ४ विरुद्ध, बाहेर ६ विरुद्ध, घरी १ विरुद्ध, बाहेर ३ विरुद्ध, मग सुट्टी, मग घरी ७ विरुद्ध आणि शेवटी बाहेर २ विरुद्ध. तीन सामने घरी, तीन बाहेर, आणि कुठेही सलग दोनदा घरी किंवा सलग दोनदा बाहेर नाही. हे एकट्या ५ चे नशीब नाही. सातही संघांचे असेच होते.

आठव्याचा प्रश्न

आठ संघांना हे सुख मिळत नाही. आठांच्या साखळीत प्रत्येकाला सात सामने, आणि सात निम्मे होत नाहीत. चार संघांना चार सामने घरी, उरलेल्या चार संघांना तीनच. रणजीच्या आजच्या आठ-आठच्या गटांत ही तफावत अटळ आहे. २०१७-१८ च्या सातांच्या गटात तीन घरी आणि तीन बाहेर अशी चोख वाटणी करता येत होती. ज्या खेळात खेळपट्टी, हवा आणि दव यांनी सामन्याचा रंग बदलतो, तिथे घरचा एक सामना जास्त मिळणे ही छोटी बाब नाही. २०१६-१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने सगळेच रणजी सामने तटस्थ मैदानांवर घेतले होते, जेणेकरून यजमानाला खेळपट्टी मनासारखी करून घेता येऊ नये. पुढच्या वर्षी घर-बाहेर पद्धत परत आली.

सम संख्येची दुसरी अडचण जरा खोल आहे. समजा आठही संघांना घर-बाहेर-घर-बाहेर असे आलटून पालटून खेळवायचे आहे. अशी क्रमवारी दोनच प्रकारची असू शकते: घरापासून सुरू होणारी आणि बाहेरून सुरू होणारी. दोन संघांची क्रमवारी तंतोतंत सारखी असेल तर ते एकमेकांशी कधीच खेळू शकणार नाहीत, कारण एक घरी असेल त्या दिवशी दुसराही घरीच असेल. म्हणजे एका क्रमवारीला एकच संघ, आणि बिनचूक आलटापालट फक्त दोन संघांना मिळेल. उरलेल्या सहांना कधी ना कधी सलग दोनदा घरी किंवा सलग दोनदा बाहेर खेळावेच लागेल. स्वित्झर्लंडचे गणितज्ञ डॉमिनिक द वेरा यांनी १९८० च्या सुमारास ही मर्यादा नेमकी मांडली. संघसंख्या सम असेल तर त्या संख्येतून दोन वजा करा, क्रम मोडण्याचे इतके प्रसंग तरी येणारच. विषम असेल तर एकही प्रसंग न येऊ देता वेळापत्रक बसते.

पण सातांच्या त्या सुंदर गोलात एक खोट आहे. पुन्हा क्रमांक ५ कडे पाहा. दुसऱ्या फेरीत तो ६ शी खेळतो, आणि ६ आदल्या फेरीत ३ शी खेळून आलेला असतो. तिसऱ्या फेरीत तो १ शी खेळतो, आणि १ सुद्धा ३ शीच झुंजून आलेला. शेवटच्या दोन फेऱ्यांत ७ आणि २, आणि दोघेही ३ चा सामना आटोपूनच ५ समोर उभे राहतात. आता ३ हा गटातला सगळ्यात दांडगा संघ असेल, समोरच्याला पिदडून, दमवून, एखाद-दुसरा खेळाडू जायबंदी करून सोडणारा, तर त्याचा आयता फायदा हंगामभर ५ ला मिळत राहील. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये ही गोष्ट फार जाणवते.

संख्याशास्त्रज्ञ के. जी. रसेल यांनी १९८० मध्ये या मागच्या सामन्याच्या परिणामाचा अभ्यास केला. संघसंख्या चार, आठ, सोळा अशी दोनच्या घातातली असेल, तर हा परिणाम सर्वांमध्ये अगदी सारखा वाटता येतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे आठ इथे सातावर मात करतो. प्रत्येक संख्या काही देते आणि काही हिरावून घेते. वेळापत्रक करणाऱ्याला आधी ठरवावे लागते की या खेळात, या प्रदेशात, कोणती तफावत सर्वांत जास्त बोचते.

सुट्टी कोणाला, कधी?

विषम संख्येत सुट्टी सर्वांना मिळते, पण वेगवेगळ्या दिवशी. हंगामाच्या मध्यावर मिळालेली सुट्टी दुखापती भरून काढायला उपयोगी पडते. पहिल्याच फेरीत मिळालेली सुट्टी जवळजवळ वाया जाते. शेवटच्या फेरीत मिळालेली सुट्टी मात्र घात करू शकते, कारण त्या दिवशी बाकीच्यांना नेमके किती हवे ते माहीत असते आणि बाहेर बसलेल्याला काहीच करता येत नाही.

१९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात नऊ संघ होते. वर्णद्वेषी धोरणामुळे बहिष्कृत असलेली दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली होती आणि ती धरून साखळीचे ३६ सामने झाले, प्रत्येकी आठ. शेवटच्या दिवशी, १८ मार्चला, तीन सामने होते. पाकिस्तानने क्राइस्टचर्चला न्यूझीलंडला हरवून नऊ गुण केले, पण ते पुरेसे नव्हते. मेलबर्नला वेस्ट इंडीज जिंकले असते तर त्यांचे दहा गुण झाले असते आणि पाकिस्तान घरी गेला असता. ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ५७ धावांनी हरवले, पाकिस्तान उपांत्य फेरीत गेला आणि पुढे विश्वविजेता झाला. त्या दिवशी भारत, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांचे सामने संपलेले होते. पहिले दोघे आधीच बाद झाले होते आणि तिसऱ्याचे स्थान पक्के होते, म्हणून कोणाची तक्रार झाली नाही. हा योगायोग होता. वेळापत्रकात त्याची हमी नव्हती.

असा योगायोग नसला की काय होते, ते स्पेनमधल्या हिहोन शहराने १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पाहिले. तिथे गट चार संघांचा होता, म्हणजे संख्या सम होती, तरी शेवटचे दोन सामने वेगवेगळ्या दिवशी ठेवले होते. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून खळबळ उडवली होती. २४ जूनला चिलीला ३-२ हरवून त्यांनी आपले सामने संपवले. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी जिंकले तर दोघेही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला होर्स्ट ह्रुबेशने गोल केला आणि पुढची ऐंशी मिनिटे दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात काढली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण नियम मोडलेला नव्हता. अल्जीरिया बाहेर गेला. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात.

हा उपाय विषम गटात पुरा पडत नाही, कारण शेवटच्या फेरीत एक जण बाहेर असतोच. जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, जानेवारी २०१७ मध्ये २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा करायचे ठरवले तेव्हा तीन-तीनच्या सोळा गटांची योजना होती. तिघांच्या गटात प्रत्येकाला दोनच सामने. ज्याचे दोन्ही आधी संपले, तो तिसऱ्या सामन्याच्या दिवशी हात बांधून बसणार, आणि खेळणाऱ्या दोघांना कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा आहे हे आधीच ठाऊक असणार. सोळा गटांत सोळा वेळा हिहोन घडण्याची शक्यता होती. अखेर १४ मार्च २०२३ रोजी रवांडाची राजधानी किगाली इथल्या बैठकीत फिफाने ही योजना मागे घेतली आणि चार-चारच्या बारा गटांचा निर्णय केला. सामन्यांची संख्या ८० वरून १०४ झाली. न्यायासाठी २४ सामन्यांचा बोजा पत्करला गेला, आणि तो निर्णय योग्यच होता.

दहा, बारा आणि पंधरा

दर वेळी संख्या विषम असते म्हणूनच अडचण होते असे नाही. कधी कधी संख्या सम असूनही हंगामाच्या मापात बसत नाही. स्कॉटलंडच्या फुटबॉल प्रीमियरशिपमध्ये बारा संघ आहेत. प्रत्येकाशी दोनदा खेळले तर २२ सामने होतात, क्लबांच्या तिजोरीला ते पुरत नाहीत. चारदा खेळले तर ४४, कॅलेंडरमध्ये बसत नाहीत. म्हणून तिथे प्रत्येकाशी तीनदा खेळून ३३ सामने होतात, मग तक्ता मधोमध कापतात आणि वरचे सहा आपसात, खालचे सहा आपसात आणखी पाच-पाच सामने खेळतात. एकूण ३८. कापल्यानंतर खालच्या गटातला संघ कितीही जिंकला तरी सातव्याच्या वर जाऊ शकत नाही, मग त्याचे गुण सहाव्यापेक्षा जास्त का होईनात. घरचे आणि बाहेरचे सामने सर्वांचे सारखे ठेवणेही दर वर्षी जमतेच असे नाही.

आयपीएलने अशा बऱ्याच संख्या अनुभवल्या आहेत. २००८ मध्ये आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा, साखळीचे ५६ सामने. २०११ मध्ये पुणे आणि कोची आले, संघ दहा झाले. दहांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे तर ९० सामने होतात. एवढे दिवस नव्हते, म्हणून पाच-पाचचे दोन गट करून प्रत्येकाला १४ सामने दिले आणि ७० मध्ये साखळी संपवली. पुढच्या वर्षी कोचीचा संघ नव्हता. नऊ संघ उरले आणि २०१२ व २०१३ अशी दोन वर्षे पूर्ण दुहेरी साखळी झाली: प्रत्येकी १६, एकूण ७२ सामने. विषम संख्येची ती दोन वर्षे न्यायाच्या दृष्टीने स्वच्छ होती, कारण प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळला.

२०२२ पासून संघ पुन्हा दहा झाले आणि पुन्हा १४ सामन्यांचे बंधन आले. नऊ प्रतिस्पर्धी आणि १४ सामने, म्हणजे पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदा. हे पाच कोण, यावर बरेच अवलंबून असते. त्या वर्षी स्वतःच्या गटातले चार आणि दुसऱ्या गटात समोरच्या ओळीत असलेला एक, असे पाच ठरले. मुंबई इंडियन्सच्या समोर चेन्नई सुपर किंग्ज होते. २०२३ मध्ये वाटणी फिरली: दुसऱ्या गटातल्या पाचही जणांशी दोनदा, स्वतःच्या गटातल्यांशी एकदा. दोन्ही वेळा आकडा १४ च, पण कोणाला बलाढ्य संघ दोनदा भेटले आणि कोणाला दुबळे, हे बदलले. प्रेक्षक निव्वळ धावगतीचा दशांश मोजत बसतात, आणि त्याहून मोठा फरक गटवारीत दडलेला असतो.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने विषम संख्येवर शोधलेला तोडगा फार हुशारीचा आहे. तिथे दोन लीगमध्ये मिळून ३० संघ. पंधरा-पंधरा केले तर दोन्हीकडे रोज एक संघ उरणार, म्हणून १९९८ पासून एका लीगमध्ये १६ आणि दुसरीत १४ ठेवले होते. पण त्यामुळे लीगच्या आतल्या एका विभागात सहा संघ आणि दुसऱ्यात चारच, अशी स्थिती झाली. चारांत पहिले येणे आणि सहांत पहिले येणे सारखे नाही. २०१३ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला दुसऱ्या लीगमध्ये हलवून पंधरा-पंधरा केले. एका लीगमध्ये उरलेला आणि दुसऱ्या लीगमध्ये उरलेला यांचा आपसात सामना लावायचा, असे ठरले. तेव्हापासून दोन लीगमधले सामने वर्षभर सुरू असतात. जिल्हा पातळीवर सात-सातचे दोन गट असतील, तर तिथेही ही युक्ती चालेल.

गोव्यातले अकरा

करोनाच्या काळात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेने विषम संख्येचे एक अवघड गणित सोडवले. २०२०-२१ च्या हंगामात ईस्ट बंगाल आल्याने संघ अकरा झाले होते. सगळी स्पर्धा गोव्यात, बंद दाराआड, तीन मैदानांवर झाली: मडगावचे फातोर्डा, बांबोळीचे जीएमसी आणि वास्कोचे टिळक मैदान. प्रत्येकी २० याप्रमाणे साखळीत ११० सामने. प्रेक्षकच नसल्याने घर आणि बाहेर हा फरक कागदापुरता उरला, पण दुहेरी साखळीचा नियम पाळला गेला. त्याचे मोल शेवटी कळले. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे ४०-४० गुण झाले. दोघांत झालेले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून अव्वल स्थान आणि आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा मुंबईला मिळाली. दोघे एकमेकांशी एकदाच खेळले असते, तर या निकालाचे वजन निम्मे झाले असते. २०२४-२५ मध्ये त्या लीगमध्ये तेरा संघ होते आणि प्रत्येकी २४ सामन्यांची पूर्ण साखळी झाली.

साखळी अर्धवट राहिली की तक्ता वाचणेच अवघड होते. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत नऊ संघ असतात, पण दोन वर्षांच्या फेरीत प्रत्येकजण सहा जणांशीच मालिका खेळतो आणि मालिकांतले सामनेही कमी-जास्त असतात. २०२३-२५ च्या फेरीत इंग्लंड २२ कसोटी खेळला आणि दक्षिण आफ्रिका १२. म्हणून गुणांऐवजी गुणांची टक्केवारी पाहतात. दक्षिण आफ्रिका ६९.४४ टक्क्यांनी अव्वल आली आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवून विजेतीही झाली. साखळीत मात्र तिची गाठ ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडशी पडलीच नव्हती. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवल्यामुळे तिच्या यशावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. पद्धतीतली त्रुटी मात्र तशीच राहिली.

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या लीग वनमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बरी हा क्लब आर्थिक कारणांनी बाहेर काढला गेला आणि २४ चे २३ झाले. मग करोना आला, हंगाम अर्ध्यावर थांबला. दर फेरीला कोणी ना कोणी सुट्टीवर असल्याने सर्वांचे सामने सारखे झाले नव्हते. वायकॉम्ब वाँडरर्सचे ३४ सामन्यांत ५९ गुण होते, पीटरबरोचे ३५ सामन्यांत ५९. सामन्यामागे गुण काढले तेव्हा आठव्या क्रमांकावरचे वायकॉम्ब थेट तिसऱ्यावर गेले, सहाव्यावरचे पीटरबरो सातव्यावर घसरले आणि त्यांची बढतीच्या बाद फेरीतली जागा गेली. वायकॉम्बने ती बाद फेरी जिंकून वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळवला. हिशेब बरोबर होता. पण हंगाम तुटला तर कोणता हिशेब लावायचा, हे ऑगस्टमध्ये ठरलेले असते तर पुढच्या जूनमध्ये वाद झाला नसता.

आता हे काम संगणक करतो. १९९७-९८ च्या हंगामात अमेरिकेतल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या नऊ विद्यापीठ संघांचे बास्केटबॉल वेळापत्रक जॉर्ज नेमहाउझर आणि मायकेल ट्रिक या दोन प्राध्यापकांनी बसवले. प्रत्येकी १६ सामने, १८ तारखा. त्यांनी आधी घर, बाहेर आणि सुट्टी यांचे आराखडे तयार केले, मग त्यात जोड्या बसवल्या आणि सर्वांत शेवटी कोणता आराखडा कोणत्या विद्यापीठाला द्यायचा ते ठरवले. नावे शेवटी घालण्याची ही रीत फार मोलाची आहे, कारण त्यामुळे कोणासाठी काय सोयीचे याचा विचार आराखडा करताना डोकावत नाही.

तालुका क्रीडा मंडळांना, शाळांना आणि सोसायट्यांना एवढा संगणक लागत नाही, गोल पुरतो. सात संघ आले तर आठवा शोधत बसू नये आणि नावनोंदणी केलेल्या एकाला परतही पाठवू नये. गोल काढावा, चिठ्ठ्या टाकून क्रमांक द्यावेत, म्हणजे शेवटच्या फेरीची सुट्टी कोणाच्या मर्जीने न ठरता सोडतीने ठरेल. शेवटच्या फेरीतले सामने, दुसरे मैदान मिळत असेल तर, एकाच वेळी सुरू करावेत. दिवस कमी पडत असतील तर सामने छोटे करावेत, पण प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळू द्यावे. गुण सारखे झाले तर काय, पावसाने सामना गेला तर काय आणि एखाद्या संघाने मध्येच माघार घेतली तर त्याचे आधीचे निकाल धरायचे की नाही, हे तीन नियम पहिल्या सामन्याच्या आधी लिहून सर्व कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात.